उतारावरचं कपाट

बेकरीवाल्या काकांची व्हॅन रोज सकाळी कोपऱ्यावर वळताना किंचाळायची. ब्रेक दाबला की आधी एक लांब, बारीक, दात आंबवणारा आवाज यायचा आणि मागोमाग ताज्या पावाचा वास. गल्लीतल्या इतरांचं लक्ष वासाकडे जायचं. धाकटीला मात्र फक्त आवाज ऐकू यायचा. चहाचा कप ओठांजवळ नेता नेता ती थांबायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "पुढचं डावं चाक. पॅड केव्हाच संपलेत. आता लोखंडावर लोखंड घासतंय."

"मग सांग की काकांना," वहिनी म्हणायच्या.

"सांगितलं. ते म्हणतात, तुझं वर्कशॉप सुरू होऊ दे, पहिली गाडी माझी."

चहा संपायचा, कप विसळले जायचे.

धाकटी म्हणजे वहिनींची नणंद. तिच्या कानांजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण शेंडेफळ ते शेंडेफळच, त्यामुळे घरात अजून ती धाकटीच. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीखाली काम करणारी ती एकटी बाई होती. मागच्या खिशात कायम सतरा नंबरचा पाना असायचा, म्हणून तिथे तिचं नावच 'सतरा नंबर' पडलं होतं. "सतरा नंबरला बोलवा" असं कोणी म्हणालं की समजावं, दोघातिघांनी त्या गाडीपुढे हात टेकले आहेत.

मग तिच्या उजव्या खांद्यातली कंडरा फाटली. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, हात कामाचा राहील, पण खांद्याच्या वर ओझं न्यायचं नाही. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये सगळं कामच खांद्याच्या वर. लिफ्टवर गाडी डोक्याएवढी उंच चढते आणि खाली माणसं छत रंगवणाऱ्यासारखी हात वर करून उभी असतात. तिथल्या साहेबांनी भलेपणानं तिला पुढच्या काउंटरवरची जागा देऊ केली. गिऱ्हाईक आलं की तक्रार ऐकायची आणि कॉम्प्युटरवर उतरवायची. खुर्ची, पंखा, स्वच्छ कपडे. सोमवारी उत्तर कळव, असं त्यांनी सांगितलं होतं.

"बसून काम आहे," तिचे थोरले भाऊ, दादा म्हणाले होते. "लोक अशा नोकरीसाठी नवस बोलतात."

धाकटीनं मान हलवली होती. ती मान होकाराची की नकाराची, हे दादांना कळलं नाही. वहिनींना कळलं. तशी मान त्यांनी एकदा पाहिली होती, दवाखान्यात, खांद्याचं बँडेज सोडताना दुखतंय का असं नर्सनं विचारलं होतं तेव्हा.

घरी वर्कशॉप काढायची कल्पना वहिनींची होती. वहिनींचं आयुष्य कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलं. बोलणं कमी, आणि चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की जीव कासावीस. त्यांच्या स्वयंपाकघरात 'मीठ' लिहिलेल्या बरणीत मीठच असायचं, आणि हे पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं जायचं. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "आमची सून एखाद दिवशी माझ्या कपाळावरही चिठ्ठी लावेल, वर तारीखही घालेल."

घराला लागून एक शेड होती. तिच्यात दादांची स्कूटर आणि मोडक्या खुर्च्या असायच्या. वहिनींनी ती रिकामी करून घेतली, उखडलेली जमीन नव्यानं करवून घेतली. गवंड्याच्या मागे उभं राहून त्यांनी जमिनीला उतार दिला, दर मीटरला दोन सेंटिमीटर, मागच्या भिंतीपासून दाराकडे, म्हणजे गाडी धुतली की पाणी आपल्या पायानं बाहेर जाईल. गवंडी म्हणाला, असा उतार डोळ्यांना दिसत पण नाही. वहिनी म्हणाल्या, डोळ्यांना नाही, पाण्याला दिसला पाहिजे. शेडमध्ये दिवे आले, नळ आला, कामाचं टेबल आलं. दादांची स्कूटर बाहेर प्लास्टिकच्या कापडाखाली गेली. दरम्यान धाकटीनं खुर्चीत बसून सांगायचं आणि वहिनींनी करायचं, असं करत वहिनी ऑइल बदलायला आणि फिल्टर काढायला शिकल्या.

"या घरात दीड मेकॅनिक आहेत," दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आणि बंद स्कूटर एकच. तरी ती माझी."

राहिलं होतं फक्त हत्यारांचं कपाट. धाकटीची सगळी हत्यारं सर्व्हिस सेंटरमधून आली तशीच बादल्यांत, पिठाच्या डब्यात आणि दोन गोणपाटांत पडून होती. सतरा नंबरचा पाना तेवढा वेगळा निघाला होता. ऑपरेशनच्या दिवशी तिच्या खिशातून तो वहिनींच्या पर्समध्ये आला, पर्समधून स्वयंपाकघरात, आणि आता तो आलं ठेचायला वापरला जात होता. धाकटीनं तो परत मागितला नव्हता.

"कपाट आलं की सुरू करू," ती म्हणायची. आणि कपाट काही येत नव्हतं.

पहिल्यांदा दोघी दुकानात गेल्या तेव्हा धाकटीला लाल रंग आवडला नाही. दुकानदारानं निळं दाखवलं, तर त्याचं कुलूप तकलादू निघालं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा एकाची चाकं लहान होती, एकाची मूठ बोटाला काचत होती, आणि एकाचा पत्रा असा वाजत होता की तिला भाजी करायच्या पातेल्याची आठवण झाली. घरी येऊन तिनं हे सगळं सांगितलं, तेव्हा दादा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

बोलून गेले आणि लगेच त्यांनी पान उलटलं. धाकटी उठून आत गेली.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"मी थट्टेत म्हणालो."

"तिला थट्टेत ऐकू आलं नाही."

खरं सांगायचं तर वहिनींच्या मनातही तेच आलं होतं, फक्त त्यांनी त्याला म्हण लावली नव्हती. कपाट घरी आलं की 'कपाट नाही' हे कारण संपणार होतं. मग व्हॅन दारात येणार, आणि धाकटीला हात वर करून बघावा लागणार. हात वर गेला नाही, तर गल्लीतल्या सगळ्यांसमोर जाणार नव्हता. त्यापेक्षा काउंटर बरा. काउंटरवर कोणी हात वर करायला सांगत नाही.

शनिवारी वहिनी तिला तिसऱ्यांदा दुकानात घेऊन गेल्या. "शेवटचं," त्या रिक्षात म्हणाल्या. "आज नाही पटलं, तर मी गोणपाटांनाच चिठ्ठ्या लावते."

"लाव. 'गोणपाट' असं लिही."

दुकानदार वयस्कर गृहस्थ होते. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि दुपारच्या वेळी खुर्चीतच एक डुलकी. दोघींना बघून त्यांनी चष्मा चढवला, पण स्वतः काही उठले नाहीत. "या. कपाटं तुम्हाला ओळखतात आता. बघा उघडून. उघडायला मनाई नाही, नावं ठेवायलाही नाही."

धाकटी सरळ उंच कपाटापाशी गेली, जे तिला पहिल्या दिवसापासून खुणावत होतं. खाली चाकांवरचं मोठं कपाट, त्याच्यावर तेवढ्याच रुंदीची दुसरी पेटी, वरचा खण कपाळाच्या उंचीला. सर्व्हिस सेंटरमध्ये तिचं असंच होतं. ती एकेक खण उघडू लागली आणि बोलू लागली. हा खण उथळ आहे, हा चालेल, इथे गोटी पाने बसतील.

वहिनी ऐकत नव्हत्या, बघत होत्या. प्रयोगशाळेत त्यांनी हेच काम केलं होतं. मुलं काय सांगतात त्यापेक्षा त्यांच्या हाताकडे बघायचं. धाकटीनं खालचे चार खण उजव्या हातानं उघडले. पाचव्यापाशी हात थोडा थांबला. सहाव्याला तिनं डावा हात लावला, आणि त्याच वेळी उजव्या हातानं ओढणी सारखी केली, म्हणजे तो हात दुसऱ्या कामात आहे असं वाटावं. सगळ्यात वरचा खण तिनं उघडलाच नाही. त्याच्याकडे बघून म्हणाली, "याचा रंग उडालाय."

रंग उडाला नव्हता.

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीपाशी, दोन मोठ्या कपाटांच्या आड, एक बुटकं, रुंद कपाट होतं. कंबरेएवढं उंच, सात खण, वर रबर लावलेला सपाट ओटा, खाली चार जाड चाकं. वहिनींनी मधल्या खणाला बोट लावलं. तो पट्टीतल्या गोल छर्ऱ्यांवरून असा सुळकन पुढे आला की त्यांनी हात मागे घेतला.

"हे बघ," त्या म्हणाल्या.

"ते ठेंगणं? त्याला कपाट म्हणत नाहीत, वहिनी. त्याला स्टूल म्हणतात."

"मला हेच हवंय."

"का?"

"उंच कपाटाच्या वरच्या खणातलं मला दिसत नाही. मी बुटकी आहे."

धाकटीनं वळून बघितलं. वहिनी तिच्यापेक्षा चार बोटं उंच होत्या. लग्नात हार घालताना दादांना टाचा उंचवाव्या लागल्या होत्या, आणि हा किस्सा घरात दर वर्षी निघायचा.

"तू बुटकी?" धाकटी म्हणाली.

"वय झालं की माणूस खचतं. मणक्यांमधल्या चकत्या दबतात. शास्त्रीय गोष्ट आहे."

"कालपासून खचलीस का?"

"हळूहळू होतं ते. लक्षात येत नाही."

वहिनी सरळ चेहऱ्यानं उभ्या होत्या. आयुष्यात त्या खोटं फार बोलल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना ते नीट जमत नव्हतं. मान लाल झाली होती. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं आपला उजवा हात ओढणीतून काढला आणि त्या बुटक्या कपाटाचे खण एकेक करून उघडले. सातही, त्याच हातानं.

"छर्रे चांगले आहेत," ती म्हणाली. "भरलेला खणसुद्धा करंगळीनं येईल."

"मग?"

"घेऊ या. तू बुटकी पडलीस, काय करणार." आणि दुकानदारांकडे वळून, "काका, आमच्या वहिनींच्या उंचीचं हे एवढंच आहे ना?"

दुकानदारांनी चष्म्यावरून आधी वहिनींना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग कपाटाला. "अगदी मापाचं आहे," ते म्हणाले.

रविवारी सकाळी दोन माणसांनी टेम्पोतून कपाट आणून व्हरांड्यात ठेवलं. हत्यारं व्हरांड्यातच चादरीवर पसरली होती, रॉकेलनं धुऊन, पुसून. भरायला बसल्या आणि पहिल्या मिनिटाला भांडण जुंपलं.

वहिनींचं म्हणणं, पाने एका खणात, मापाप्रमाणे, लहानापासून मोठ्यापर्यंत. पकडी दुसऱ्यात. हातोड्या तिसऱ्यात. धाकटीचं म्हणणं, असं दुकानात लावतात. कामाच्या जागी ब्रेकचं सगळं एका खणात, इंजिनाचं दुसऱ्यात, मग त्यात पानाही आला, पक्कडही आली आणि हातोडीही आली.

"म्हणजे एकाच खणात तीन जातींची हत्यारं," वहिनी म्हणाल्या. त्यांना ते खरोखर सोसवत नव्हतं.

"जिरं, मोहरी, हळद तू एका डब्यात ठेवतेस की नाही? का जिऱ्याचं कपाट वेगळं आणि मोहरीचं वेगळं?"

"तरी ते जिन्नस वेगवेगळ्या वाट्यांत असतात," वहिनी शेवटी म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

तोडगा निघाला तो असा, की वरचे दोन खण धाकटीच्या पद्धतीचे, मधले चार वहिनींच्या, आणि सगळ्यात खालच्यात दोघींनाही न सुटलेलं सगळं. वहिनींनी पान्यांच्या जागांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या. आठ, दहा, बारा, तेरा, चौदा, सोळा, सतरा, एकोणीस. सतराच्या जागी काही नव्हतं. धाकटीला ते दिसलं. बोल्टांचे डबेही वहिनींनी लांबीप्रमाणे लावले, आणि त्यावर धाकटी म्हणाली की एवढा वेळ तिनं स्वतःच्या अभ्यासालाही कधी दिला नव्हता.

सगळं भरून झाल्यावर वहिनींनी कपाटाला कुलूप लावलं, दोघींनी ते ढकलत शेडमध्ये नेलं आणि मागच्या भिंतीला टेकवून, तोंड दाराकडे करून, चाकांचे अडसर दाबून उभं केलं. उजेड छान पडत होता. नव्या रंगावर वरचा दिवा चमकत होता. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. प्रयोगशाळेत सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, धुतलेल्या काचा रांगेत लावून झाल्यावर त्या अशाच मागे सरकत.

"उघड," त्यांनी किल्ली धाकटीच्या हातात दिली.

धाकटीनं किल्ली फिरवली. आत कुठेतरी खट् असा आवाज झाला.

आणि मग कोणी हात न लावता तिसरा खण पुढे यायला लागला. सावकाश, ऐटीत, नवरी माजघरातून यावी तसा. तो पुरता बाहेर येऊन थांबतोय तोवर पाचवा निघाला. मग दुसरा आणि चौथा जोडीनं. दोघी बघतच राहिल्या. वहिनींच्या मनात आलं, अरे वा, छर्रे खरंच चांगले आहेत. हा विचार पुरा व्हायच्या आत कपाटाची मागची दोन चाकं जमिनीवरून उचलली गेली.

धाकटी पुढे झाली. कशी झाली ते वहिनींना नंतरही सांगता आलं नाही. ती वळली, उघड्या खणांना बाजूनं चुकवून कपाटाच्या वरच्या कडेला पाठ लावली, पाय जमिनीत रोवले, आणि ते सगळं लोखंड पाठीवर तोलून धरलं. दोन पाने निसटून जमिनीवर वाजले. तेरा आणि चौदा, वहिनींनी मोजलं, कारण घाबरल्या की त्या मोजत.

"वहिनी," धाकटी शांतपणे म्हणाली, "वरून एकेक बंद कर. घाई नको. बंद करून हात धरून ठेव."

वहिनींनी एकेक खण आत सारला. एकाला एक हात, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला गुडघा, चौथ्याला कोपर. मागची चाकं खाली टेकली. धाकटीनं पाठ न हलवता हात मागे नेऊन किल्ली फिरवली. खट्.

दोघी जमिनीवर बसल्या.

"उतार," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "दर मीटरला दोन सेंटिमीटर. मीच दिला. दाराची रुंदी मोजली, भिंत मोजली, कपाटाची खोली दोनदा मोजली. आणि जमीन विसरले."

"दुकानात सपाट होती गं."

"व्हरांड्यातही सपाट होती. तेच तर. मी आयुष्यभर पोरांना काय सांगितलं? वजन करायच्या आधी तराजू सम करा. खालचे स्क्रू फिरवा, बुडबुडा मधे आणा, मग पुढचं. रोज सांगितलं. आणि आपल्या घरी—" त्या थांबल्या. "माझ्यामुळे आत्ता तुझा खांदा गेला असता."

"खांदा लावलाच नाही मी. पाठ लावली." धाकटीनं हे म्हटलं आणि मग जणू स्वतःचंच वाक्य तिला ऐकू आलं. "किती उचलायचं पुढून?"

वहिनींनी डोळे पुसले. हिशोब विचारला की त्यांना बरं वाटायचं. "कपाट अर्धा मीटर खोल. म्हणजे पुढून एक सेंटिमीटर."

"पुढच्या चाकांच्या वर, कपाटाच्या बुडाशी पट्ट्या घालू. मी सांगते, तू कर."

जॅक आला. एकेक कोपरा उचलत कपाट वीतभर वर घेतलं आणि खाली लाकडी ठोकळे सरकवले. वहिनी चाकं लावलेल्या फळीवर आडव्या झाल्या आणि कपाटाखाली गेल्या. पुढच्या चाकाचे चार बोल्ट काढायचे होते. या वेळी त्या काही खोटं करत नव्हत्या. पाना खरोखरच घसरत होता, दोनदा बोटं आपटली, आणि तिसऱ्यांदा त्यांनी बोल्ट उलट्या दिशेनं फिरवून अजून घट्ट केला.

"काय करतेस?"

"खालून बघितलं की डावं उजवं होतं."

"कोणता पाना घेतलास?"

"एकोणीस."

"एकोणीस?" धाकटी उठून उभी राहिली. "बोल्टाचं डोकं गोल करशील. सतरा लागेल त्याला. सरक. सरक बाई तू, बाहेर ये."

वहिनी फळीवरून बाहेर आल्या. धाकटी त्यांच्या जागी झोपली, मान वळवून एकदा कपाटाच्या पोटाकडे बघितलं आणि उजवा हात बाहेर काढला, तळवा उघडा.

"सतरा नंबर कुठंय?"

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. पान्याला आल्याचा वास येत होता. त्यांनी तो नळाखाली धुतला, पदराला पुसला आणि नेऊन त्या तळव्यावर ठेवला.

मग त्या बाजूला बसून बघत राहिल्या. पहिला बोल्ट सुटला, दुसरा सुटला. धाकटीचा हात वर गेला होता, थेट कपाटाच्या बुडापर्यंत. आणि तो दुखत नव्हता. वहिनींना हे आधी दिसलं आणि कळलं नंतर. उभ्या माणसाचा हात वर जातो तेव्हा खांद्याच्या वर जातो. आडव्या माणसाचा वर जातो तेव्हा तो नुसता समोर असतो, छातीच्या पुढे, आणि हाताचं वजन सरळ खांद्याच्या हाडात उतरतं. सर्व्हिस सेंटरला लिफ्ट होती. इथे लिफ्ट नव्हती. इथे गाडीखाली झोपूनच जावं लागणार होतं.

हे तिला सांगायचं नव्हतं, तिचं तिला सापडायला हवं होतं.

धाकटीनं चारही बोल्ट काढले. मग टेबलाशी जाऊन जाड पट्टी कापली, भोकं पाडली. जरा लांब बोल्ट लागणार होते. ते वहिनींच्या डब्यात मापाच्या चिठ्ठीखाली पहिल्याच झटक्यात मिळाले आणि तिनं ते निमूटपणे घेतले, म्हणजे तिच्या परीनं कौतुकच केलं. पुन्हा खाली गेली. एक चाक झालं, दुसरं झालं. काम संपलं तरी ती बाहेर येईना. कपाटाखालून तिचं कंबरेखालचं अंग तेवढं बाहेर दिसत होतं.

"झोपलीस का?" वहिनींनी विचारलं.

"नाही." पाना कुठेतरी हलकेच वाजला. पुन्हा वाजला. ती घट्ट झालेला बोल्ट सोडत होती आणि परत आवळत होती. "वहिनी, आपले गाडीखाली लावायचे स्टँड किती आहेत?"

"चार."

"पुरे आहेत." पाना पुन्हा बोल्टावर बसला. "लिफ्ट नाही म्हणून मी रात्रंदिवस कुढत होते. म्हटलं, लिफ्टशिवाय कसलं वर्कशॉप."

"बरं झालं मग, लिफ्टला जागा नव्हती."

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मला तर जमीनही माहीत नव्हती."

धाकटी बाहेर आली. चेहऱ्याला धूळ लागली होती. दोघींनी कपाट ठोकळ्यांवरून खाली उतरवलं. वहिनींनी काचेच्या परातीत पाणी घेऊन ती कपाटाच्या ओट्यावर ठेवली, मोजपट्टीनं चारही बाजूंना पाण्याची उंची बघितली आणि मान डोलावली. किल्ली फिरली. दोघी श्वास धरून उभ्या राहिल्या. सातही खण जागच्या जागी बसून राहिले, शिस्तीतल्या पोरांसारखे.

संध्याकाळच्या चहाला दादा शेडमध्ये डोकावले. खण उघडून, बंद करून बघितले. "अरे, हे तर लोण्यासारखं चालतंय. कितींना नावं ठेवलीस आणि शेवटी बुटकंच आणलंस होय?"

"वहिनी बुटकी आहे," धाकटी म्हणाली.

दादांनी बायकोकडे मान वर करून पाहिलं. काही न विचारण्याइतका संसार त्यांनी केला होता.

"आणि दादा," धाकटी म्हणाली, "तुझं अंगण खरंच वाकडं निघालं. मीटरला दोन सेंटिमीटर. तुझ्या बायकोला विचार."

दादा आधी ओशाळले, मग हसू लागले, आणि हसता हसताच म्हणाले, "मग आता स्कूटरचं बघ की."

"नंबर लाव. तुझ्या आधी एक आहे."

साहेबांना उत्तर द्यायचा सोमवार उजाडला, चहा झाला. वहिनी कप विसळत होत्या, खिडकीतून गल्ली दिसत होती. लांबून व्हॅनचा आवाज आला. रोजच्यासारखी धाकटी थांबली, पण या वेळी डोळे बारीक केले नाहीत. कप खाली ठेवला आणि चपला घालून बाहेर गेली. तिच्या मागच्या खिशात पाना होता. म्हणजे कपाटातली सतराची जागा रिकामीच राहणार, वहिनींच्या मनात आलं. चिठ्ठी तशीच असू द्यावी, असं त्यांनी ठरवलं. रिकाम्या जागेलाही नाव असलेलं बरं.

व्हॅन कोपऱ्यावर वळली. धाकटी रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिनं उजवा हात वर केला. तो खांद्याएवढाच वर गेला, त्याच्या वर नाही.

तेवढा पुरला. व्हॅन किंचाळत, कुरकुरत, पण बरोबर तिच्यासमोर थांबली.